एक जॅकेट, दोन रायफली, तीन पोझिशन: वर्षभर वापरल्यानंतर

रायफल शूटिंगचं हे जॅकेट चांगलं आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मी ते विकायला काढलंय. विकणार नाही. पण डाव्या बाहीवर, खांद्याच्या खाली, स्लिंग (रायफल दंडाला बांधायचा पट्टा) घसरू नये म्हणून चामड्याची बोटभर लूप शिवलेली असते. मला त्या लूपबद्दल सविस्तर लिहायचंय. तिने माझी बालेवाडीची मॅच घालवली, आणि त्यानंतर कंपनीशी झालेलं बोलणं अजून डोक्यातून जात नाही.

कंपनीचं नाव घालत नाही. देशी आहे, मापाने शिवून देते, एवढंच पुरे. लूपची शिलाई कशी बघायची हे कळलं की कुठल्याही कंपनीचं जॅकेट तपासता येतं.

माझा वापर असा. १० मीटरला स्वतःची एअर रायफल, ५० मीटरला क्लबची पॉइंट टू टू रायफल, आणि दोन्हीला हेच जॅकेट. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे, पगार ठरलेला, घरी दोन मुलं शिकतायत. दोन रायफलींना दोन जॅकेट हा विचार आमच्यासारख्यांनी करायचाच नाही. तशी गरजही नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतसुद्धा सगळ्या रायफल प्रकारांसाठी मिळून एकच जॅकेट तपासणीला देता येतं, त्यामुळे मोठे शूटरही एकाच जॅकेटवर सगळं निभावतात. अडचण वेगळी आहे. एअर रायफल पूर्ण उभ्याने, स्लिंगशिवाय. ५० मीटरच्या थ्री पोझिशनला (थ्री-पी) आधी निलिंग म्हणजे गुडघ्यावर बसून, मग प्रोन म्हणजे पोटावर झोपून, मग स्टँडिंग म्हणजे उभ्याने, प्रत्येकी २० गोळ्या आणि सगळं मिळून दीड तास. स्टँडिंगला जॅकेट कमरेत आणि पाठीत धरून ठेवणारं हवं. प्रोनला खांदे आणि पाठीचा वरचा भाग मोकळा हवा, नाहीतर पुढे हात टाकला की कॉलर मानेत घुसते. निलिंगला बसल्यावर खालचा घेर मांडीवर चढायला नको. हे तिन्ही एका कापडात बसवणं हेच शिवणाऱ्याचं खरं काम.

ते काम या लोकांनी मन लावून केलंय. माप घेताना त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला तिन्ही पोझिशन घ्यायला लावल्या. बायकोने टेप धरली आणि पलीकडून एक वयस्क गृहस्थ 'कोपर अजून आत', 'आता श्वास सोडा' असं सांगत होते. विदेशी जॅकेटच्या जवळपास निम्म्या किमतीत एवढं कुणी विचारत नाही.

तरी सुरुवातीचे काही आठवडे माझं मत वाईटच होतं. क्लबातल्या दोघांना मी सांगूनही टाकलं होतं की घेऊ नका. कॅनव्हास इतका कडक होता की स्टँडिंगला डावं कोपर बरगडीखाली टेकवलं की पाठ मागे ढकलली जायची. एअर रायफलला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे अशी ढकल परवडत नाही. पहिल्या सिरीज (दहा-दहा गोळ्यांच्या) नऊच्या घरातच फिरत राहिल्या. मग पावसाळा लागला. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. त्या हवेत कॅनव्हास हळूहळू नरम पडला आणि माझ्या पाठीला जिथे बाक आहे तिथेच त्याची घडी बसली. दिवाळीपर्यंत अंगात घातलं की रायफल न उचलताही शरीर आपोआप पोझिशनमध्ये जायला लागलं. त्या दोघांना मी पुन्हा फोन करून सांगितलं, माझं आधीचं ऐकू नका.

कडकपणावरून आठवलं. ईसीला, म्हणजे इक्विपमेंट कंट्रोलच्या साहित्य तपासणीला, कापडाची जाडी २.५ मिलिमीटरच्या वर चालत नाही आणि कडकपणा मोजायच्या यंत्राखाली कापड किमान ३ मिलिमीटर दबलं पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे आरामात दबतं. थंडीत, एसी हॉलमध्ये, घाम वाळून मीठ धरल्यावर तेच कापड ताठ होतं. माझं एका थंड सकाळी ३ च्या अगदी जवळ आलं होतं. मॅच संपल्यावर पुन्हा तपासायला बोलावतात आणि तिथे नापास झालात तर सगळा स्कोअर जातो. म्हणून दर मॅचनंतर ओल्या फडक्याने आतून घाम पुसून, सावलीत, जाड हँगरवर. उन्हात अजिबात नाही.

आता लूप.

हिशेब बघा. थ्री पोझिशनच्या ६० गोळ्यांपैकी निलिंगच्या २० आणि प्रोनच्या २० स्लिंगवर मारायच्या. म्हणजे ४० गोळ्यांत रायफलचा भार डाव्या दंडावरच्या पट्ट्याने पेललेला असतो आणि तो पट्टा जागेवर राहतो या बोटभर लूपमुळे. नियमाने बाहीवर किंवा खांद्याच्या शिवणीवर असा एकच हूक, लूप किंवा बटण लावता येतं. दुसरा आधार नाही. कोल्हापुरात हे वेगळं सांगायची गरज पडू नये. तेजस्विनी सावंत यांनी २०१० ला म्युनिकमध्ये जागतिक सुवर्ण मिळवलं ते ५० मीटर प्रोनमध्ये. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ करून ब्राँझ आणलं, त्या फायनलच्याही पहिल्या ३० गोळ्या निलिंग आणि प्रोनच्या. तेव्हापासून आमच्याकडे थ्री-पी विचारत येणारे पालक वाढलेत आणि ते जॅकेट घेताना रंग बघतात, चामडं दाबून बघतात, लूपकडे कुणीच बघत नाही.

बालेवाडीला निलिंगची पहिली सिरीज छान गेली. दुसऱ्या सिरीजच्या मध्यावर गोळ्या खाली उतरायला लागल्या. आधी नऊ पॉइंट काही, मग खाली आठ. वारा नव्हता, डायऑप्टर (मागची साइट) हललेला नव्हता. साइटवरून नजर काढून दंडाकडे पाहिलं तर स्लिंग कोपराच्या दिशेने चार बोटं सरकलेली आणि लूपचं एक टोक कापडातून उपटून लोंबतंय. स्लिंग खाली सरकली की ती लांब झाल्यासारखी होते, डावा हात पुढे जातो, रायफल खाली बसते. मग नेम वर धरण्यासाठी स्नायू वापरायचे, आणि स्नायू थरथरतात. स्लिंग एक भोक घट्ट केली तर नाडीचा ठोका समोरच्या साइटच्या रिंगमध्ये दिसायला लागतो. मी दोन्ही करून पाहिलं. प्रोनमध्ये तर दर तीन-चार गोळ्यांनी रायफल खाली ठेवून स्लिंग वर ओढायची आणि पोझिशन नव्याने बांधायची. यात वेळ इतका गेला की स्टँडिंगच्या शेवटच्या गोळ्या घाईत सोडाव्या लागल्या. पॉइंट टू टूची मॅच-ग्रेड गोळी आयात होते, किंमत तुम्हाला माहीत आहे. सायटर (मॅचआधीच्या सरावाच्या गोळ्या) धरून दोन बॉक्स फोडले होते. प्रवास, लॉजचं भाडं, बिनपगारी रजा वेगळी. हे सगळं चामड्याच्या एका बोटभर तुकड्यापायी गेलं याची चीड मला आजही येते.

परत येऊन कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, शिलाई वॉरंटीत येत नाही, लूप झिजणारा भाग आहे. मी विचारलं, चामडं तर कुठेच झिजलेलं नाही, दोरा कापडातून निघालाय, मग झिजलं काय? त्यावर, जॅकेट पाठवा, जाण्या-येण्याचं कुरिअर तुमचं, तीन आठवडे लागतील. राज्य स्पर्धा तोंडावर असताना तीन आठवडे बिनाजॅकेटचं कोण राहील? मी पुन्हा लिहिलं, सविस्तर, फोटोवर बाण काढून. चार दिवस निळ्या खुणा दिसत राहिल्या, उत्तर नाही.

मी रोज कास्टिंग मोजतो, त्यामुळे दोष सापडल्याशिवाय चैन पडत नाही. व्हर्नियर आणि भिंग घेऊन बसलो. लूपची दोन्ही टोकं फक्त वरच्या कॅनव्हासला शिवली होती आणि तीही चामड्याच्या कडेला लागून, एका ओळीत. पाव इंच आत दुसरी ओळ असती तर भार वाटला गेला असता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोपराचा चामड्याचा पॅच त्या लूपच्या खाली तीन बोटांवर संपतो. स्लिंगच्या हातावर हा पॅच वर दंडापर्यंत न्यायला नियमाची मोकळीक आहे. तो वर नेऊन लूप त्याच्यात शिवली असती तर ती कधीच निघाली नसती. चामडं वाचवलंय, दुसरं काही कारण दिसत नाही.

मग चप्पल लाईनला गेलो. शिवाजी चौकाकडे एक ओळखीचे कारागीर आहेत, वडिलांपासून आमच्या घरच्या चपला त्यांच्याकडेच. जॅकेट हातात घेऊन त्यांनी बाही उलटी केली आणि म्हणाले, "हे कुणी शिवलंय? नुसतं वरच्या कापडाला टाचलंय की." त्यांचं म्हणणं, आतून चामड्याची चकती लावू आणि आरपार टाका घेऊ, म्हणजे बैल जुंपला तरी तुटणार नाही. बरोबरच होतं, पण नियमात बसत नव्हतं. जास्तीचं चामडं फक्त बाहेरून चालतं, आतून नाही. मी म्हटलं, "मामा, आतल्या बाजूला काहीच वाढवायचं नाही, हात फिरवला तर कळता कामा नये."

त्यांना ही अट आवडली नाही. थोडा वेळ जॅकेट मांडीवर घेऊन बसले. मग बाहेरून, जुन्या पॅचच्या कडेपासून वरपर्यंत, पानाच्या आकाराचा पातळ चामड्याचा तुकडा कापला. रापीने त्याच्या कडा इतक्या तासल्या की कापडाला लागून शून्य झाल्या. त्यावर लूप ठेवली, आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने दोन ओळी घातल्या. आत फक्त टाके दिसतात, तेही दाबून बसवलेले. किती झाले विचारल्यावर त्यांनी जो आकडा सांगितला तो कुरिअरच्या एका बाजूच्या खर्चापेक्षा कमी होता. मी दुप्पट दिले, त्यांनी अर्धे परत केले.

मला खरी धास्ती ईसीची होती. नवा तुकडा जाडीत अडला असता तर पूर्ण बाही उसवावी लागली असती. राज्य स्पर्धेला तपासणीच्या टेबलावर त्यांनी बाही आतून-बाहेरून चाचपली, तीन ठिकाणी जाडी घेतली, लूप एकच आहे ना ते बघितलं आणि शिक्का दिला. त्या दिवशी निलिंग आणि प्रोन मिळून स्लिंगला एकदाही हात लावावा लागला नाही. शेवटची प्रोन सिरीज माझी आजवरची सगळ्यात चांगली होती.

कंपनीबद्दलचं माझं मत यानंतर थोडं बदललं, तेही लिहिलं पाहिजे. राज्य स्पर्धेनंतर अचानक त्या वयस्क गृहस्थांचा फोन आला, माप घेणारे तेच. फोटो त्यांच्यापर्यंत उशिरा पोचले होते. ऑफिसने काय उत्तर दिलं ते त्यांनी माझ्याकडूनच ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कोल्हापूरच्या कारागिराने काय केलं ते बारकाईने विचारलं, जवळून फोटो मागवले, दोन ओळींमधलं अंतर मोजून घेतलं. पैसे परत मिळाले नाहीत, मॅच तर नाहीच नाही. पण शिवणारा माणूस ऐकून घेतो आणि फोन उचलणारा ऐकत नाही, एवढं कळल्यावर राग कुणावर धरायचा ते कळलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बटणं उत्तम. वजन कमी-जास्त झालं की जागा बदलता येते, आणि हात खाली सोडून जॅकेट नेहमीच्या बटणापलीकडे ७० मिलिमीटर ओढलं जातं का ही चाचणी मी दोन्ही वेळा सहज पास झालो. खांद्याचा रबर पॅच रायफलच्या बटला (खांद्याला टेकणाऱ्या टोकाला) छान धरतो, उन्हाळ्यात चिकट होतो. खिसा बाहेर उजवीकडे एकच, नियमाप्रमाणे. त्याचा टाका मात्र लूपपेक्षा मजबूत आहे, आणि ज्या खिशात फार तर सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) ठेवायचा त्याला दोन ओळी आणि जिथे पाच-सहा किलोची रायफल टांगायची तिथे एक, हे मला कधीच पटणार नाही. जॅकेटच्या पिशवीची चेन पहिल्याच पावसात गेली.

फक्त एअर रायफल मारणाऱ्याने हे जॅकेट डोळे झाकून घ्यावं, त्याला लूपशी देणंघेणं नाही. थ्री-पी किंवा प्रोन मारणाऱ्याने ऑर्डर देताना फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात लिहून द्यावं: डाव्या कोपराचा पॅच दंडापर्यंत वर, लूप पॅचमध्ये शिवलेली, दोन ओळी. तोंडी सांगू नये, ऑफिसमधून शिवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. आमच्या क्लबातल्या दोन मुलांनी तसं लिहून ऑर्डर दिली आहे आणि त्या गृहस्थांनी फोनवर हो म्हटलंय. जॅकेटं गणपतीच्या आधी यायची आहेत. आली की बाही उलटी करून आतले टाके मोजणार आहे आणि इथेच खाली फोटो टाकेन.