वावरात औषध अंगावर सांडलं तर: नुसतं पाणी, साबण-पाणी की आधी टिपून घेणं?

कपाशी फवारताना पंपाचं झाकण जरा सैल राहिलं की औषध पाठीवरून ओघळत कमरेपर्यंत उतरतं. सदरा भिजतो आणि संध्याकाळपर्यंत तोच अंगात राहतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही औषधं पोटातच जावी लागतात असं नाही, धडधाकट कातडीतूनही ती रक्तात उतरतात. तेव्हा खालचं काहीही निवडा, आधी सदरा काढा.

नुसतं पाणी बांधावर हाताशी असतं आणि भरपूर ओतलं तर बरंच औषध वाहून जातं. पण ‘ई.सी.’ लिहिलेल्या बाटलीतलं औषध तेलकट असतं. ते घट्टच हातावर सांडलं तर कितीही पाणी घ्या, बोटं ओशट लागतातच.

म्हणून माझा कौल साबण-पाण्याला. साधी वडी चालते, पाणी मात्र गरम नको. केस, कानामागे, काखा, जांघा, नखांखाली, सगळीकडे फेस पोचू द्या आणि निदान १५ मिनिटं धुवा. जांघेतली कातडी हातापेक्षा कितीतरी जास्त औषध शोषते, आणि आपण धुतो ते फक्त हात! घासणी किंवा दगड लावू नका, खरचटलेल्या जागेतून विष लवकर शिरतं. डोळ्यांत गेलं असेल तर तिथे साबण नको, स्वच्छ पाण्याची धार १५-२० मिनिटं धरा.

विहीर लांब असेल तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या, चोळू नका. एवढ्याने भागत नाही, पण पाण्यापर्यंत पोचेस्तोवर कातडीत कमी मुरतं. भुकटी किंवा चुना असेल तर आधी झटका, मग भरपूर पाणी. रॉकेल किंवा खोबरेल कधीच लावू नका.

फवारणीच्या दिवशी २० लिटरचा कॅन, साबण आणि धुतलेला सदरा बांधावर ठेवाच. दुसऱ्याला धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. घाम, लाळ, मळमळ किंवा अंधुक दिसणं सुरू झालं तर लगेच १०८ लावा, गाडी येईस्तोवर धूत राहा आणि बाटलीचं लेबल सोबत द्या; कोणता उतारा द्यायचा ते डॉक्टर त्यावरून ठरवतात.