‘वीज वाचवणाऱ्या’ डब्यांपायी मंडळाचे ५१,३३० रुपये बुडाले

पॉवर सेव्हर विकणारा माणूस आज ना उद्या तुमच्याही क्लबात येईल, म्हणून लिहितोय. आमच्या बॅडमिंटन हॉलमध्ये ४०० वॅटचे बारा मेटल हॅलाइड दिवे, महिन्याचं बिल १६,२४० रुपये, आणि पोरांची फी वाढवायची नाही हा समितीचा ठराव. त्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. तीस टक्के बचत, साडेदहा महिन्यांत पैसे वसूल! तीन फेजला तीन डबे, प्रत्येकी १४,५००, वर अठरा टक्के जीएसटी.

डेमो मात्र त्यानं चोख दिला. वायरीतून जाणारा प्रवाह, म्हणजे अँपिअर, मोजणारा क्लॅम्प मीटर वायरीला अडकवला, डबा चालू केला, आणि सगळ्यांदेखत अँपिअर १४.६ वरून ८.१ वर आले. आमच्यातला आयटीआयचा एक पोरगा तेवढ्यात हॉलच्या वीज मीटरपाशी उभा राहून म्हणाला, “काका, मीटरवरचा लाल दिवा तर होता तसाच लुकलुकतोय.” विक्रेता हसून म्हणाला, “त्याला सेट व्हायला ७२ तास लागतात.” तो क्षण आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. तो लाल दिवा वापरलेल्या विजेच्या प्रमाणात लुकलुकतो, म्हणजे तोच तुमचं बिल. त्याचा वेग बदलला नाही तर एक युनिटही वाचलेलं नाही. ७२ तास वगैरे काही नसतं!

डबा उघडला तर आत कपॅसिटर आणि एक हिरवा एलईडी. कपॅसिटरनं पॉवर फॅक्टर, म्हणजे वाहणाऱ्या प्रवाहातला खरं काम करणारा वाटा, सुधारतो, म्हणून अँपिअर उतरतात. पण आमच्यासारख्या छोट्या जोडणीचं बिल किलोवॅट-तासावर, म्हणजे खरोखर वापरलेल्या युनिटवर येतं, अँपिअरवर नाही. अँपिअर डोळ्यांसमोर उतरल्यावर कुणाचाही विश्वास बसला असता. जीएसटी नंबर छापलेलं बिल होतं, लेखी गॅरंटी होती. आम्ही काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत.

पुढच्या महिन्याचं बिल १६,६१० आलं. त्याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात सांगितलं, “वस्तू मिळाली ना? मग हे दिवाणी प्रकरण.” वीज कंपनीच्या कार्यालयात उत्तर मिळालं, “आमचं मीटर बरोबर आहे, डबा आमचा नाही.” अहो, डबा तुमचा नाही हे आम्हालाही कळतं! पण तुमच्याच ग्राहकांना गावोगाव लुटतायत, तर बिलामागे दोन ओळी छापायला काय जातं? ठाण्यात अर्जाची पोच मागितली तर साहेब नाहीत, साहेब आले तर शिक्का नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, निदान नंबर तरी मिळाला. तुम्ही सुरुवात तिथूनच करा.

खर्च करायचाच तर दिवे बदला. आम्ही आता चार जागी २०० वॅटचे एलईडी लावलेत आणि मीटरचा दिवा खरोखर मंदावला. कुणी डेमो द्यायला आला तर क्लॅम्प मीटर बाजूला ठेवायला लावा, लोड तोच ठेवून लाल दिव्याचे मिनिटातले ठोके मोजा, डब्याशिवाय आणि डब्यासकट. आणि पूर्ण रक्कम आगाऊ? अजिबात नाही.

तोच माणूस शेजारच्या तालुक्यातल्या एका जिमखान्यात डेमो देऊन गेल्याचं कळलं. तिथल्या सेक्रेटरींना लगेच फोन केला. चेक वटला नव्हता, त्यांनी बँकेत जाऊन थांबवला.