इम्पॅक्ट ड्रायव्हर, ९ महिन्यांनंतर: स्क्रू निघतात, बिट मात्र जागेवर राहत नाही

हातोडीने ठोकून अडकलेला स्क्रू सोडवायचा हा इम्पॅक्ट ड्रायव्हर, याहून जास्त सांगत बसत नाही. जो शोधतोय त्याचा एखादा स्क्रू आधीच अडकलेला असणार. मी मे महिन्यात ६४० रुपयांना घेतला. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणत होता, "दीडशे द्या, काढून देतो." दीडशे वाचवायला सहाशे चाळीस घातले. घरात हा विषय अजून निघतो.

स्क्रू होते बाईकच्या पुढच्या डिस्क ब्रेकच्या ऑइलच्या डबीवरचे. टोपणाचे दोन, एम-४चे (४ मिलिमीटर जाडीचे), फुलीवाले, डोकं टोपणात बुडालेलं. आम्ही रत्नागिरीचे. पावसाचं पाणी त्या फुलीच्या खाचेत साचून राहतं, वर खारी हवा. स्क्रू पोलादी, डबी ॲल्युमिनियमची. मधे खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत सिमेंटसारखी बसते. ११ वर्षांत ते टोपण उघडलेलं नव्हतं. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलात 'ब्रेक ऑइल चेक' मात्र होतं. मधे कधीतरी कुणीतरी प्रयत्न करून सोडून दिलेला दिसला, कारण डावीकडच्या स्क्रूची फुली घोळून वाटी झाली होती.

पहिल्या आठवड्यात मी याला २ स्टार दिले होते. ठोक ठोक ठोकला, उजवीकडचा स्क्रू ढिम्म. दोन दिवसांनी बाबा मागे येऊन उभे राहिले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बघून म्हणाले, "अरे, आवळतोयस कशाला?" दिशा बदलायची खूण मुठीवर इतकी पुसट कोरली आहे की चष्मा लावून, तिरक्या उजेडात धरली तेव्हा दिसली. वर बाबांचं पुढचं वाक्य: "गंज मोडायला आधी थोडं आवळतात, ते ठीक. पण दोन दिवस?"

दिशा बदलली. मूठ हाताने सुटायच्या बाजूला वळवून ताण धरला आणि मधल्या हातोडीचे चार ठोके दिले. चौथ्याला 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि स्क्रू पाव फेरा फिरला. त्या आवाजाचे पैसे वसूल. आत तिरप्या खाचा असतात. ठोका बसला की बिट (स्क्रूत बसणारं सुटं टोक) खाली दाबलं जातं आणि त्याच क्षणी फिरतं, त्यामुळे ते फुलीतून वर चढायला वेळच मिळत नाही. साध्या पेचकसाने नेमकं तेच होतं आणि डोकं घोळतं. २ स्टार मागे घेतले, ४ केले.

एक गोष्ट मात्र हे विकणारा सांगणार नाही. जपानी बनावटीच्या गाड्यांची फुली दिसते नेहमीसारखी, पण वेगळी असते. डोक्यावर बारीक टिंब असलं तर तीच समजा. नेहमीच्या बिटचं टोक तिच्यात तळाला टेकतं आणि कडा नीट धरत नाहीत. मी २ नंबरच्या बिटचं टोक ग्राइंडरवर अगदी नखभर उडवलं, मग ते घट्ट बसलं. बिट तापू द्यायचं नाही, पाण्यात बुडवत बुडवत घासायचं.

आता तक्रार. बिट जागेवर राहत नाही. ८ मिलिमीटरचं षटकोनी बिट होल्डरमध्ये नुसतं सरकवायचं. ना स्प्रिंग, ना गोळी, ना लोहचुंबक. ड्रायव्हर उलटा केला की बिट पडलं. ठोक्यानंतर उचलला की बिट स्क्रूत उभं. एकदा गटारात गेलं, तेव्हा ढापा उचलून शेजारच्या काकूंसमोर हात घालावा लागला. दोन रुपयांची स्प्रिंग घातली असती तर काय बिघडलं असतं? विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं: बिट ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. अहो, झिजलं कुठे, पडलं! शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक चकती कापून होल्डरवर चढवली.

डावीकडच्या स्क्रूवर बिट धरेना. तेव्हा ड्रायव्हरच्या डब्यात फुकट आलेले ईझी आऊट आठवले, म्हणजे घोळलेला स्क्रू काढायचे उलट्या आट्यांचे दांडे. हे मात्र कृपा करून वापरू नका. मी स्क्रूच्या मधोमध २ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि ईझी आऊट उलटं फिरवत आत बसवलं. एक फेराही झाला नाही, टिचकन तुटलं. तुकडा आत. हा तुकडा इतका कडक की आपलं नेहमीचं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. फुकट वस्तूने आणखी काम वाढवलं. एक स्टार इथे कापला.

बाबा म्हणाले, "टोपण कशाला जपतोयस? ते काप." बरोबरच होतं. टोपण १२० रुपयांचं, डबी हजारोंची. डबीच्या तोंडाला जुनं फडकं कोंबून, करवतीच्या पात्याने टोपण कडेपासून स्क्रूपर्यंत कापलं. ते निघाल्यावर स्क्रूची दांडी वर उभी राहिली. लॉकिंग प्लायरने धरून आधी किंचित आवळली, मग सोडली. आली. गॅसच्या टॉर्चने तापवायचा मोह झाला होता, पण ब्रेक ऑइल पेट घेतं. कापताना पडलेला कीस आत गेलाच असणार म्हणून सगळं ऑइल काढून नवं डॉट ४ ब्रेक ऑइल भरलं आणि ब्रेक ब्लीड केला, म्हणजे आतली हवा काढून टाकली.

नवे स्क्रू स्टेनलेसचे, ॲलन कीचे, दोन मिळून १० रुपये. स्टेनलेस असले तरी शेजारचं ॲल्युमिनियम खाल्लं जाणं थांबत नाही, म्हणून आट्यांना चिमूटभर कॉपर ग्रीस (तांब्याची पूड घातलेलं ग्रीस).

त्यानंतर क्लच कव्हरचे ७ स्क्रू, दाराची एक बिजागरी, शेजाऱ्याच्या मोटरपंपाचे ४ स्क्रू, सगळे निघाले. ३ स्टार. ट्यूबची चकती काल तुटली, बिट पलंगाखाली आहे.