पुण्यात राहण्यासाठी घर घेताना: बांधकाम सुरू असलेली सदनिका की जुन्या सोसायटीतील?

पुण्यात पहिले घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबासमोर बहुतेक वेळा दोन वाटा असतात. एक म्हणजे पुनावळे, ताथवडे, वाघोली, उंड्री अशा वाढत्या भागांतील बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात सदनिका नोंदवणे. दुसरी म्हणजे कोथरूड, सहकारनगर, औंध किंवा चिंचवडसारख्या भरलेल्या वस्तीत वीस-पंचवीस वर्षे जुन्या इमारतीतील सदनिका मूळ मालकाकडून विकत घेणे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) हातात असलेली नवी कोरी सदनिका हा तिसरा पर्याय आहे आणि तो सर्वांत सुखाचा आहे, कारण त्यावर जीएसटी लागत नाही आणि लगेच राहायला जाता येते. परंतु चांगल्या प्रकल्पात अशा सदनिका थोड्याच उरतात आणि त्या सुखाची किंमत विक्रेत्याने आधीच दरात धरलेली असते. म्हणून येथे पहिल्या दोन पर्यायांचीच तुलना केली आहे, आणि तीही गुंतवणूकदारासाठी नव्हे, तर आज भाड्याच्या घरात राहणाऱ्या, एका किंवा दोन पगारांवर चालणाऱ्या कुटुंबासाठी.

खर्चाचा हिशेब

केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एकाच परिसरात, सारख्याच कार्पेट क्षेत्राची (भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या जागेची), बांधकाम सुरू असलेली सदनिका 80 लाख रुपयांना आणि जुन्या इमारतीतील सदनिका 72 लाखांना मिळते आहे. नव्या सदनिकेवर 5 टक्के दराने 4 लाख रुपये जीएसटी, पुणे महापालिका हद्दीतील 7 टक्के दराने 5 लाख 60 हजार मुद्रांक शुल्क आणि 30 हजार रुपये नोंदणी फी धरली, तर एकूण आकडा 89 लाख 90 हजारांवर जातो. जुन्या सदनिकेवर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क 5 लाख 4 हजार, नोंदणी फी तेवढीच, मध्यस्थाची दलाली एक टक्का म्हणजे 72 हजार, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क, जे महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त 25 हजार रुपयेच घेता येते, आणि नळ, वायरिंग, स्वयंपाकघराचा ओटा व रंगकामासाठी 5 लाख धरले, तर एकूण 83 लाख 31 हजार होतात. खरेदी घरातील स्त्रीच्या नावाने झाली, तर दोन्हीकडे मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. त्यामुळे वरच्या उदाहरणात नव्या सदनिकेसाठी पदरचे सुमारे 25 लाख 90 हजार आणि जुन्या सदनिकेसाठी सुमारे 25 लाख 70 हजार रुपये उभे करावे लागतात. किमतीत आठ लाखांचा फरक असूनही हातातली रोकड जवळजवळ सारखीच लागते, कारण जुन्या घराच्या दुरुस्तीचे पैसे स्वतःच घालावे लागतात. त्यातच बँकेच्या मूल्यांककाने जुन्या सदनिकेची किंमत ठरलेल्या व्यवहारापेक्षा कमी लावली, तर तो फरकही पदरचाच. शिवाय नव्या सदनिकेचे पैसे टप्प्याटप्प्याने जातात, तर जुन्या सदनिकेचे सगळे पैसे दोन-तीन महिन्यांत जमवावे लागतात. ज्यांच्याकडे आज पंचवीस लाख नाहीत, पण तीन वर्षांत साठण्याची खात्री आहे, त्यांच्यासाठी नव्या प्रकल्पाची ही सोय खरी आहे आणि ती कमी लेखू नये.

आता महिन्याचा हिशेब पाहू, कारण कुटुंब ओढीला लागते ते येथे. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, आदर्श करारनाम्यानुसार शेवटचा स्लॅब पडेपर्यंत विकसकाला किमतीच्या 70 टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. म्हणजे आपल्या उदाहरणात 56 लाख रुपये. त्यांपैकी 16 लाख स्वतःचे आणि 40 लाख कर्जाचे. साडेआठ टक्के दराने या 40 लाखांचे नुसते व्याज महिन्याला सुमारे 28 हजार रुपये होते. राहत्या घराचे भाडे 22 हजार असेल, तर महिन्याला 50 हजार रुपये जात राहतात आणि मुद्दलातला एक रुपयाही फिटत नाही. त्याच दराने जुन्या सदनिकेच्या 57 लाख 60 हजारांच्या वीस वर्षे मुदतीच्या कर्जाचा पूर्ण हप्ताही सुमारे 50 हजारच येतो; मात्र त्यात मुद्दल फिटते, भाडे थांबते आणि मुले स्वतःच्या घरात झोपतात. स्लॅब पूर्ण झाल्यावर भिंती, प्लंबिंग, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, पाण्याची जोडणी आणि भोगवटा प्रमाणपत्र असा जो काळ उरतो, तो बाहेरून पाहणाऱ्याला थोडा वाटतो, परंतु अनेक प्रकल्प नेमके तेथेच रेंगाळतात. ताबा दोन वर्षांनी लांबला, तर फक्त भाड्यापोटी 5 लाख 28 हजार रुपये जादा जातात.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न दराचा नाही. भाडे आणि व्याज हा दुहेरी भार, विकसकाने सांगितलेल्या मुदतीच्या पुढे आणखी दीड-दोन वर्षे, एका पगारावर पेलता येईल का, हा पहिला प्रश्न आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर नमुना सदनिका कितीही देखणी असली, तरी तो पर्याय त्या कुटुंबासाठी नाही.

व्याजदराची अनिश्चितता मात्र दोन्ही पर्यायांना सारखीच लागू आहे. रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो दर, 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला आणि पुढे 2025 मध्ये तो टप्प्याटप्प्याने 5.25 टक्क्यांपर्यंत खाली आणला. दर वाढले तेव्हा बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली आणि कित्येक कर्जदारांना ते फार उशिरा कळले. आजच्या दराने जेमतेम बसणारा हप्ता स्वीकारू नये. दोन टक्के जास्त धरून तो पेलतो का, हे आधी तपासावे.

कायद्याचे संरक्षण कोठपर्यंत पोहोचते

बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे 2016 चा रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियमनाचा कायदा, जो महाराष्ट्रात मे 2017 पासून प्रत्यक्षात आला. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकसकाने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात, आणि ताबा लांबला तर व्याज किंवा व्याजासह पूर्ण परतावा मागता येतो. पुनर्विक्रीच्या व्यवहारात असे काहीही नाही. तेथे घर जसे आहे तसे घ्यावे लागते आणि भिंतीतून झिरपणारे पाणी पहिल्या पावसाळ्यात कळते.

तरीही या संरक्षणाची मर्यादा ओळखली पाहिजे. आदेश मिळणे आणि पैसे हातात येणे यांत मोठे अंतर आहे. विकसकाने आदेश पाळला नाही, तर वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि विकसकाकडे विकण्याजोगी मालमत्ताच उरली नसेल, तर ते कागदावर राहू शकते. रेरा क्रमांक म्हणजे सर्व काही ठीक असल्याचा दाखला, ही समजूतही घातक आहे. डोंबिवली परिसरात बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा क्रमांक मिळवून उभारलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला, आणि त्यांतील अनेक कुटुंबांनी रीतसर कर्ज काढून ती घरे घेतली होती. तेव्हा महारेराच्या संकेतस्थळावर क्रमांक दिसला म्हणून थांबू नये. तेथील प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) किती मजल्यांपर्यंतचे आहे ते पाहावे आणि तेच प्रमाणपत्र महापालिकेच्या किंवा पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) बांधकाम परवानगी विभागाच्या नोंदीशी ताडून पाहावे. पूर्णत्वाची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख, तिमाही अहवाल वेळेवर भरले आहेत का, जमिनीवर किती कर्जाचा बोजा आहे आणि कोणते दावे चालू आहेत, हेही तेथेच दिसते. माझ्या दृष्टीने यांतील सर्वांत बोलका तपशील म्हणजे त्याच विकसकाच्या आधीच्या प्रकल्पांना किती मुदतवाढी घ्याव्या लागल्या हा.

‘ताब्यापर्यंत हप्ता नाही’ ही योजना समोर आली, तर विशेष सावध राहावे. त्या योजनेत कर्ज आपल्याच नावावर असते आणि व्याज विकसक भरतो. त्याने भरणे थांबवले की बँक आपल्याकडेच येते आणि आपली पतनोंद बिघडते. दिल्ली परिसरातील अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाला 2025 मध्ये सीबीआय चौकशीचा आदेश द्यावा लागला, यावरून त्या योजनेतील धोका लक्षात यावा.

जुन्या इमारतीचे कागद

जुन्या सदनिकेचा धोका डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतींपेक्षा फायलींत जास्त असतो. पहिल्या खरेदीपासून आजच्या मालकापर्यंतचे सर्व नोंदणीकृत करार, प्रत्येकाची सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा गोषवारा, म्हणजेच इंडेक्स टू), भाग दाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), थकबाकी नसल्याचे सोसायटीचे पत्र आणि महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला ही साखळी अखंड हवी. मधला एक मालक वारला असेल आणि वारसांपैकी एखाद्याने हक्कसोड लेख करून दिला नसेल, तर व्यवहार अडतो. पूर्णत्वाचा दाखला नसेल, तर विक्रेता ‘इतकी वर्षे कोणी विचारले नाही’ असे म्हणेल. मुंबईतील वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीतील रहिवाशांनाही वर्षानुवर्षे कोणी विचारले नव्हते, आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे बेकायदा मजले नियमित करण्यास नकार दिला.

पुण्यात आणखी एक फरक समजून घ्यावा लागतो. येथील कित्येक इमारती सहकारी सोसायट्या नसून 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील अपार्टमेंट आहेत. तेथे भाग दाखला नसतो. विकसकाने प्रत्येक सदनिकेचे डीड ऑफ अपार्टमेंट करून दिलेले असावे लागते आणि जमिनीतील अविभाज्य हिस्सा त्यातून येतो. सोसायटी असेल, तर जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करणे, झाले आहे का, हे मालमत्तापत्रक किंवा सातबारा काढून पाहावे. ते झाले नसेल, तर जमीन अजूनही मूळ मालकाच्या किंवा विकसकाच्या नावावर असते. विकसकाच्या सहकार्याविनाही जमीन नावावर करून घेण्याचा, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग 2008 च्या दुरुस्तीपासून खुला आहे, परंतु त्यासाठी सोसायटीने एकत्र येऊन धडपड करावी लागते. इमारत पंधरा वर्षांची झाल्यावर दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडल्यावर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) आहे. शेवटचा अहवाल मागावा. तो नाही असे उत्तर आले, तर किमतीची बोलणी पुन्हा सुरू करण्यास ते पुरेसे कारण आहे.

पुनर्विकासाच्या आशेवर चढवलेल्या दराबद्दल स्पष्टच सांगतो: ती आशा विकत घेऊ नये. 2019 च्या शासन निर्णयानंतर 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरते, त्यामुळे निर्णय पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे हे खरे. पण निर्णयापासून नव्या घराच्या चावीपर्यंतचा प्रवास पुन्हा बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाचाच असतो आणि त्यात तेच सगळे धोके असतात. गोरेगावच्या पत्राचाळीतील 672 कुटुंबांना पुनर्विकासाने वर्षानुवर्षे घराबाहेर ठेवले. सोसायटीने विकसकाशी करार आधीच केला असेल, तर संक्रमणकाळातील भाडे, कॉर्पस (विकसकाने द्यायची एकरकमी रक्कम) आणि वाढीव क्षेत्र विक्रेत्याला मिळणार की आपल्याला, हे खरेदीखतात लिहून घ्यावे.

पाणी

पाण्याकडे घर पाहायला जाणारे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि राहायला गेल्यावर सर्वांत जास्त त्रास पाण्याचाच होतो. महापालिकेत 2021 मध्ये 23 गावे आली, त्यांत वाघोलीही होती, पण नळ हद्दीबरोबर आले नाहीत. नव्या भागांतील बऱ्याच मोठ्या प्रकल्पांचा उन्हाळा टँकरवर जातो आणि तो खर्च मासिक देखभाल शुल्कात येतो. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत स्वखर्चाने सोय करण्याचे हमीपत्र विकसक देतो, तेव्हा ते कोणत्या तारखेपर्यंत बंधनकारक आहे आणि सोसायटी स्थापन झाल्यावर त्याचे काय होणार, हे विचारावे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तेथील पाण्याच्या गुणवत्तेचा प्रश्न साऱ्या शहरासमोर आला. घर निवडताना शेजारच्या, दोन वर्षे वस्ती असलेल्या इमारतीतील सुरक्षारक्षकाला एप्रिल-मे महिन्यांत रोज किती टँकर येतात, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. जुन्या पेठांलगतच्या आणि कोथरूडसारख्या भागांत हा प्रश्न तुलनेने सौम्य आहे. तेथे अडचण येते ती लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींची आणि पार्किंगची. घरात वृद्ध आई-वडील असतील, तर तिसऱ्या मजल्यावरची स्वस्त सदनिका काही वर्षांतच महाग पडते.

टोकन देण्याआधी

मागितलेला दर खरा आहे का, हे दोन्ही पर्यायांत तपासता येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतील किंवा त्याच प्रकल्पातील अलीकडच्या दस्तांची सूची क्रमांक 2 पाहावी. शेजारच्या सदनिकेची नोंदलेली किंमत तेथे दिसते आणि घासाघीस कोठून सुरू करायची ते कळते. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात करारनाम्याचा मसुदा टोकन देण्याआधी मागावा व महारेराच्या आदर्श मसुद्याशी ताडून पाहावा. मसुदा देण्यास टाळाटाळ झाली, तर तेथेच थांबावे. जुन्या सदनिकेचे टोकन धनादेशानेच द्यावे आणि पावतीवर दोन अटी लिहून घ्याव्यात: वकिलाच्या शोध अहवालात (मालकी हक्काच्या तपासणीत) दोष आढळला किंवा बँकेने त्या सदनिकेवर कर्ज नाकारले, तर पूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत मिळेल. विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज चालू असेल, तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. अशा वेळी थकीत रकमेचे पत्र आधी घ्यावे आणि तेवढ्या रकमेचा धनादेश विक्रेत्याच्या नावाने न काढता थेट त्या बँकेच्या कर्जखात्याच्या नावाने काढावा. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल, तर विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (उगमस्थानी कापायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल, तर कपातीचा दर बराच जास्त असतो, आणि परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी आई-वडिलांच्या पश्चात विकायला काढलेल्या पुण्यातील घरांच्या बाबतीत ही गोष्ट टोकनच्या दिवशीच विचारून घ्यावी लागते.