मीटरचा स्टॅबिलायझर: जुना पत्तीचा की इलेक्ट्रॉनिक?

जुन्या गाडीत पेट्रोलचा आणि इंजिनच्या तापमानाचा, दोन्ही काटे एकदमच चुकीचं दाखवायला लागले, तर टाकी उतरवायची घाई करू नका. दोन्ही सेंडर (टाकीत आणि इंजिनवर बसलेले, मीटरला माप पाठवणारे भाग) एकाच वेळी बिघडले असं सहसा होत नाही. संशय आधी डॅशबोर्डमागच्या लहानशा पत्र्याच्या डबीवर, म्हणजे स्टॅबिलायझरवर घ्यावा, कारण दोन्ही मीटरना ठरावीक दाबाची वीज तिथूनच जाते. एकच काटा चुकत असेल तर गोष्ट वेगळी. मग ते मीटर, त्याची वायर आणि सेंडर बघायचे. आणि चावी फिरवल्याबरोबर काटा झटकन जागेवर जात असेल, तर मीटर बहुधा वेगळ्या जातीचे आहेत आणि त्यांना स्टॅबिलायझर लागतच नाही. सावकाश चढणारा काटा असेल तरच पुढचं वाचा.

डबी बदलायची ठरली की पर्याय दोन: मूळची द्विधातूच्या पत्तीची (दोन धातू जोडलेली, तापली की वाकणारी पत्ती), नाहीतर तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक. मी दोन्ही वापरल्या आहेत.

पत्तीच्या डबीबद्दल मला आदर आहे. पत्तीभोवती गुंडाळलेली तार तापते, पत्ती वाकून संपर्क तुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटचाच प्रकार. ब्रिटिश गाड्यांत ती 10 व्होल्ट देते म्हणतात, पण प्रत्यक्षात बॅटरीचा पूर्ण दाब आणि शून्य अशी उघडझाप चालते आणि सरासरी 10 च्या आसपास पडते. (बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांत हीच सरासरी 5 असते. विकत घेण्याआधी तपासा.) मीटरही आतून तसंच संथ, त्यामुळे त्याला ही धडधड जाणवत नाही. संपर्क चिकटले तर काटे वर जाऊन बसतात, उघडेच राहिले तर उठतच नाहीत. डबीचं अर्थिंग (गाडीच्या पत्र्याशी असलेला विजेचा जोड) गंजलं किंवा रंगाखाली दबलं तर पत्ती तापत नाही, संपर्क जुळलेलाच राहतो आणि पुन्हा काटे वर. म्हणून नवी डबी आणण्याआधी अर्थ घासून बघावा. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. ही डबी मोजता येत नाही. डिजिटल मल्टीमीटर लावला की आकडे नाचतात, एकही स्थिर राहत नाही. टेस्ट लॅम्प लावला तर लुकलुकतो; म्हणजे डबी जिवंत आहे एवढं कळलं, पण सरासरी 10 येते की 11, ते कसं कळणार? आता टाकी काठोकाठ भरली आहे आणि काटा पाऊणवर थांबलाय. दोष डबीचा, मीटरचा, टाकीतल्या तरंगत्या फ्लोटचा की टाकीच्या अर्थचा? पहिल्याच पायरीवर खात्री नसली की पुढचं सगळं अंदाजपंचे. माझे कितीतरी रविवार या गोल फेऱ्यांत गेले, आणि खरं सांगायचं तर निर्णय इथेच झाला.

इलेक्ट्रॉनिक बसवल्यावर मल्टीमीटर सरळ 10 दाखवतो. एक अज्ञात कमी झालं. मग सेंडरची वायर काढून क्षणभर अर्थला टेकवायची. ब्रिटिश पद्धतीच्या मीटरमध्ये काटा फुलकडे चालू लागला तर मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीकडे. जास्त वेळ टेकवून ठेवू नका. काही गाड्यांत सेंडर उलट्या हिशोबाचा असतो, तिथे काटा रिकाम्याकडे जातो. जुन्या डबीवरही ही चाचणी करता येतेच, फक्त उत्तरावर इतका विश्वास बसत नाही.

इलेक्ट्रॉनिकही निर्दोष नाही. साधी 7810 चिप (स्थिर 10 व्होल्ट देणारी) वापरलेली असेल तर तिला आत येताना साधारण 12 व्होल्ट तरी लागतात. इंजिन आयडलवर, हेडलाइट चालू, डायनॅमो दमलेला, अशा वेळी काटे किंचित खाली येतात. मला ते रात्रीच्या सिग्नलवरच दिसतं आणि चालवून घेतो. ज्यांना खटकेल त्यांनी कमी ड्रॉपची, म्हणजे आत येणारा दाब थोडा कमी असला तरी 10 देणारी चिप असलेली घ्यावी. चिपची पाठ पत्र्याला नीट टेकलेली हवी, नाहीतर ती तापते.

गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेली) असेल तर मात्र माझं मत बदलतं. पत्तीच्या डबीला उलटसुलट अर्थचं काही वाटत नाही. 7810 तिथे चालत नाही, त्यासाठी खास पॉझिटिव्ह अर्थचीच घ्यावी लागते आणि उलटी जोडली की गेलीच. अशा गाडीत जुनी डबी चालू असेल तर तिला हात लावू नये असं मला वाटतं.

मूळपणाची काळजी असणाऱ्यांसाठी सोपा मार्ग आहे: जुन्या डबीचं पोट रिकामं करून चिप आत बसवायची, टर्मिनल तीच, बाहेरून फरक दिसत नाही. बसवल्यावर काटे आधीपेक्षा थोडे वेगळे दाखवतील. लगेच मीटरच्या पाठीमागच्या भोकांतून जुळवणी करायला जाऊ नका. आधी टाकी पूर्ण भरून आणि इंजिन नीट तापवून काटे कुठे थांबतात ते बघा.