डॉब की इक्वेटोरियल? सोलापूरच्या गच्चीवरून

पाच-सहा इंची दुर्बीण घ्यायची ठरलीय, आरशाचीच घ्यायची हेही पक्कं आहे, पण गाडी माउंटवर, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या आधारावर, अडलीय, असं सांगणारे तिघेजण वर्षभरात भेटले. नाभीय अंतर, आयपीसचे आकडे हे सगळं तुम्ही वाचलेलंच असणार, ते सोडून देतो. मी दोन्ही वापरलंय. आधी १३० मिमीची दुर्बीण इक्वेटोरियल माउंटवर, दोन हिवाळे. नंतर ६ इंची डॉब (डॉब्सोनियन, म्हणजे पेटीत बसवून हाताने ढकलायची दुर्बीण), तिचं हे चौथं वर्ष.

इक्वेटोरियलची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. जर्मन दुर्बीणकार फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डोरपाटच्या (आजचं एस्टोनियातलं तार्तू) वेधशाळेला जी दुर्बीण करून दिली, तिच्या माउंटचीच ही पतवंडं. एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला की आकाशाचं ताशी १५ अंश सरकणं एका खुंटीने भरून निघतं. मोटर लावली तर खुंटीही नको. गुरू एकदा पकडला की तिथेच बसून राहतो. गल्लीतली सात पोरं रांगेत उभी असतात आणि प्रत्येकाला चारही चंद्र मोजायचे असतात, तेव्हा या सोयीची किंमत कळते. फोटो काढायचे असतील तर दुसरा पर्याय मी सुचवणारच नाही.

पण तो अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि माझं घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम पावणेदोन मुठी वर (हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची). आमच्या गच्चीवरून उत्तरेला बरोब्बर तिथेच शेजारच्या अण्णांची काळी पाण्याची टाकी आहे, चांगल्या उंच कठड्यावर चढवलेली. दोन हिवाळ्यांत घरून ध्रुवतारा मला एकदाही दिसला नाही. मोबाइलचं होकायंत्र लावून पाहिलं, तर स्लॅबमधल्या सळया आणि जिन्यावरचा पत्रा यांच्यामुळे काटा प्रत्येक कोपऱ्यात वेगळीच उत्तर दिशा दाखवायचा. शिवाय इतक्या कमी अक्षांशावर अक्ष जवळजवळ आडवा होतो. माझ्या माउंटचा स्क्रू शेवटाला टेकायचा आणि काउंटरवेटची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या वजनाची, दांडी ट्रायपॉडच्या पायावर आपटायची. रात्री जेवण आटोपून दहाला वर जायचं, पाऊण तास जुळवाजुळवीत घालवायचा आणि गुरू डोळ्याला लागेपर्यंत खालून हाक यायची, "अहो, उद्या ऑफिस आहे ना?"

अण्णांना एकदा विचारलंही. म्हणाले, "टाकी हलवतो की, मग पाणी काय तुमच्या ध्रुवताऱ्यावरून आणू?" सोलापुरात पाणी कसं येतं ते तुम्हाला माहीत आहे. टाकीशी भांडण परवडत नाही.

जाणकार म्हणतील, नुसतं बघायला अंदाजाने उत्तर धरली तरी चालते. चालते, मान्य. पण मग मधूनमधून दुसरी खुंटीही फिरवावी लागते, आणि ज्या सोयीसाठी दोन खुंट्या, वजनं आणि तीन पाय वर चढवले तीच अर्धी होऊन बसते.

डॉबला उत्तर कुठे आहे याचं काही पडलेलं नाही. लाकडी पेटी जमिनीवर ठेवायची, नळी तिच्यात बसवायची, हाताने ढकलायची. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात ब्रह्मचारी होता. १९४४ पासून १९६७ पर्यंत तो त्या सोसायटीच्या मठांत राहिला, आधी तिथे आणि नंतर सॅक्रमेंटोला. मिळेल त्या काचेचे आरसे घासायचा आणि पुठ्ठ्याच्या नळीत बसवून रस्त्यावर लोकांना चंद्र दाखवायचा. ते साधेपण आजच्या कारखान्यातल्या डॉबमध्येही टिकून आहे. माझी दुर्बीण तीन-चार मिनिटांत उभी राहते.

दोष सांगायला हवेत. १२० पटीला गुरू दीड-पावणेदोन मिनिटांत आयपीसमधून दिसणाऱ्या गोल चकतीबाहेर निघून जातो, म्हणून पोरांच्या रांगेत दर दोघांमागे एकदा मला मध्ये घुसावं लागतं. अगदी डोक्यावरचं काही पकडताना पेटी नेमकी कुठल्या बाजूला फिरवायची ते कळत नाही. स्टूल हवंच, नाहीतर कंबर बोलू लागते. आणि नळी चार फुटांची, स्कूटरवर नेण्याचा विचार सोडून द्या. आम्ही ती सोलापुरी चादरीत गुंडाळून रिक्षात आडवी घालतो. १३० मिमीची आखूड नळी मात्र मी पाठीवर लावून कुठेही नेत होतो, हा गुण मोठा आहे.

बाहेर न्यायची तर दिशेचा विचार करा. नान्नजकडे अंधार छान आहे, पण तिथून सोलापूरचा उजेड दक्षिणेला येतो, आणि आपली खरी श्रीमंती दक्षिणेतच आहे. उन्हाळ्यात रात्री ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा दाट गुच्छ आपल्याकडे पंचवीसेक अंश वर येतो, त्रिशंकूही क्षितिजावर डोकावतो. त्यांच्यासाठी दक्षिणेकडच्या मंद्रूपची बाजू बरी, शहर पाठीमागे राहतं. ओमेगा सेंटॉरी मी दोन्ही दुर्बिणींतून पाहिलाय. १३० मध्ये कडेला साखरेसारखे दाणे दिसले. डॉबमध्ये मधल्या गाभ्यापर्यंत रवाळ वाटला. प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने जास्त असतो, त्याचा हा परिणाम असावा, किंवा ती रात्रच चांगली असेल. शपथेवर सांगणार नाही.

एप्रिल-मेमध्ये गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडतो आणि चंद्रबिंब तव्यावर ठेवल्यासारखं थरथरतं. तिथे दोन्ही दुर्बिणी सारख्याच हरतात. तेव्हा अंगणात उतरायचं.

दोन्हींकडून अवास्तव अपेक्षा मात्र नकोत. मार्च २०२५ मध्ये शनीचे आणखी १२८ चंद्र जाहीर झाले, एकूण २७४. आमच्या गच्चीवरून टायटन हमखास दिसतो, रात्र बरी असेल तर ऱ्हिआ. त्याच वर्षी नोव्हेंबरात शनीची कडी सुईसारखी बारीक झाली होती आणि ती बघून एका पोराने माझी दुर्बीण बिघडलीय असा निकाल दिला. "विक्रम दाखवा" ही फर्माईश चंद्रयान-३ उतरल्यापासून, म्हणजे २३ ऑगस्ट २०२३ पासून, दर पौर्णिमेला होते. मी मँझिनस विवराजवळचा दक्षिणेचा खडबडीत भाग दाखवतो. किलोमीटर-दीड किलोमीटरहून बारीक काही आपल्याला दिसत नाही, लँडर तर खोलीएवढाही नाही. असं समजावत मी आरामात बोलत बसतो आणि तोवर चंद्र चकतीबाहेर गेलेला असतो. इक्वेटोरियल असता तर गेला नसता, हेही खरं.

फोटोंचं वेड असेल, उत्तर मोकळी असेल आणि एका जागी माउंट कायमचा रोवून ठेवता येत असेल, तर तुम्ही इक्वेटोरियल घ्यावा, मी आडवा येणार नाही. बाकीच्यांनी आधी गच्चीवर जाऊन उत्तरेला पावणेदोन मुठींवर काय दिसतं ते बघावं. माझा जुना माउंट माळ्यावर पडून आहे, स्वस्तात देईन. पण टाकी नसलेल्यालाच.