बार्शीतला सकाळचा पेपर-वाचनाचा तास: आठ महिन्यांचा अनुभव

मी बार्शी तालुक्यातल्या वैरागची. पुण्यात सदाशिव पेठेत महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करत दोन वर्षं काढून गेल्या मे महिन्यात गावी परत आले, तेव्हा सामानात चालू घडामोडींच्या मासिक पुस्तिकांचा गुडघ्याएवढा गठ्ठा होता. त्यातलं एकही पान असं नाही की ज्यावर माझ्या पेनाची रेघ नाही. तरी दोन्ही पूर्व परीक्षांत सगळ्यात जास्त गुण गेले ते चालू घडामोडींतच. चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण कापले जातात, आणि मी "हे तर वाचलंय" या भरवशावर उत्तरपत्रिकेतले गोळे काळे करत सुटायचे.

जूनपासून मी बार्शीतल्या एका जुन्या वाचनालयात सकाळच्या पेपर-वाचनाच्या तासाला जाते. इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक सर आणि वाचनालयाचे काका, या दोघांनी हा तास चालवलाय. दारावर बोर्ड नाही, जाहिरात नाही. वेळ सव्वासात ते साडेआठ, रविवारी सुट्टी. वाचनालयाची वर्गणी महिन्याला १०० रुपये, तीच फी. सर स्वतः काही घेत नाहीत. आम्ही वीस-बावीस जण असतो, त्यात निम्म्याहून जास्त मुली, आजूबाजूच्या गावांतून सकाळच्या एसटीने येणाऱ्या.

तीन मराठी आणि एक इंग्रजी पेपर येतो. काका त्यांची पानं सुटी करून टेबलावर ठेवतात आणि ज्याच्या हाती जे पान येईल ते त्याचं. दहा मिनिटं वाचायचं, मग उभं राहून एक बातमी सांगायची. मथळा वाचून दाखवलेला सरांना चालत नाही. काय झालं, कुठे झालं, कोणी ठरवलं आणि कोणत्या अधिकाराने ठरवलं, एवढं सांगता आलं पाहिजे. पहिले दोन प्रश्न कोणीही सांगतं. चौथ्याला सगळे अडकतात, आणि तास खरा तिथून सुरू होतो.

१२ जुलै २०२५, शनिवार. आदल्या दिवशी 'मराठा लष्करी भूप्रदेश' युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्याची बातमी सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर होती. वर्गात आनंद मावत नव्हता. सरांनी मात्र भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं, "बारा किल्ले आहेत. लावा बघू." माझ्या शेजारणीने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. लाल टिकली डोंगरी किल्ल्याला, हिरवी पाण्यातल्या आणि किनाऱ्यावरच्या किल्ल्याला. शिवनेरी, लोहगड, राजगड पटापट लागले. रायगड, प्रतापगड, पन्हाळाही लागले. साल्हेरपाशी हात थांबले. नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात, हे एका मुलाला माहीत होतं, कारण तो तिथे चढून आला होता. खांदेरी मी रत्नागिरीत चिकटवला. सर रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभी राहा, समोर समुद्रात दिसेल तुला." टिकली काढून रायगड जिल्ह्यासमोर लावली, ती आता मरेपर्यंत विसरणार नाही.

मग त्यांनी आमच्याकडून जिल्हे मोजून घेतले. पुणे तीन, रायगड दोन, सिंधुदुर्ग दोन (विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग), नाशिक, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी एकेक. झाले अकरा. बारावा जिंजी, तमिळनाडूतला. "तो या यादीत कसा?" वर्गात कोणी बोलेना. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले आणि १६९८ मध्ये किल्ला मोगलांच्या हाती पडेपर्यंत स्वराज्याचा कारभार तिथून चालला. हे आम्ही शाळेत शिकलेलो होतो, पण बातमी वाचताना एकालाही आठवलं नव्हतं. तिथून सर महाराष्ट्राच्या आधीच्या वारसास्थळांवर गेले. अजिंठा आणि वेरूळ १९८३, घारापुरी १९८७, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४, मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८. पश्चिम घाट २०१२ मध्ये यादीत गेला, पण तो नैसर्गिक वारसा, बाकी सगळी सांस्कृतिक. एका बातमीवर सव्वा तास गेला.

घरी जाऊन मी त्या महिन्याची पुस्तिका मागवून पाहिली. तिच्यात याच बातमीची दीड ओळ होती: भारताचं ४४वं स्थळ, १२ किल्ले. ती ओळ चुकीची नाही. पण "खालीलपैकी कोणता किल्ला महाराष्ट्राबाहेर आहे" किंवा "अयोग्य जोडी ओळखा" असं विचारलं तर त्या दीड ओळीचा काय उपयोग? आयोग विधानं देऊन विचारतो, जोड्या लावून विचारतो. माझे गुण दोन वर्षं तिथेच गेले.

सप्टेंबरमधला एक तासही असाच लक्षात राहिला. महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपतिपदी निवडून आले, ४५२ विरुद्ध ३०० मतांनी. सरांनी विचारलं, "आपल्या आमदारांनी मत दिलं का?" अर्ध्या वर्गाने हो म्हटलं, त्यात मी पण. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत विधानसभेचे निवडून आलेले आमदार मत देतात, उपराष्ट्रपतींच्या देत नाहीत. तिथे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्यच मत देतात, नामनिर्देशित सदस्यसुद्धा. सरांनी राज्यघटना उघडून कलम ६६ मोठ्याने वाचायला लावलं. लगेच पुढची बातमी: गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार. एक व्यक्ती दोन राज्यांची राज्यपाल होऊ शकते? होऊ शकते, कलम १५३, आणि ती तरतूद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. मी राज्यघटना तीनदा वाचलेली आहे. पण कलम १५३ डोक्यात बसलं ते त्या सकाळी, कारण आपल्याच राज्यात ते घडत होतं.

शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात दीडशे शब्द लिहायचे असतात. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून सरांनी हे सुरू केलं. हिरव्या पेनाने तपासतात, प्रत्येकाची वही. मला मराठीच्या अभिजात दर्जावर लिहायला दिलं होतं. मी मनापासून लिहिलं. वही परत आली तेव्हा 'थोर', 'समृद्ध', 'गौरवशाली' अशा नऊ शब्दांखाली रेघ होती आणि समासात एकच प्रश्न: "दर्जा कोणी दिला?" मी ते लिहिलंच नव्हतं. केंद्रीय मंत्रिमंडळाने, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीसोबत. त्याआधी सहा भाषांना तो मिळाला होता, पहिली तमिळ, २००४ मध्ये. आणि आपल्या मागणीमागे रंगनाथ पठारे समितीचा अहवाल होता. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा नऊच्या नऊ शब्द गेले आणि त्या जागी या गोष्टी आल्या. तरी तो मजकूर मला पहिल्यापेक्षा जास्त अभिमानाचा वाटला.

आता जे कमी पडतं ते. विज्ञान-तंत्रज्ञान इथे फार थोडं होतं. अवकाश मोहीम असली तरच सर रमतात, बाकी बातम्या पटकन उरकतात. निर्देशांक आणि क्रमवारी ते घेतच नाहीत. दर वर्षी बदलणारा आकडा पाठ करून काय मिळवायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. परीक्षेत ते प्रश्न येतात आणि गुण सगळ्या प्रश्नांना सारखेच. त्यासाठी आणि उजळणीसाठी परीक्षेआधी चालू घडामोडींची एखादी वार्षिकी घ्यावीच लागेल. सराव पेपर होत नाहीत, ते दुसरीकडे सोडवा. खेळातले पुरस्कार, नेमणुका यांच्या याद्याही स्वतःच करायच्या.

भिंतीवरचा नकाशा २०१४ च्या आधीचा आहे. त्यात तेलंगण नाही, पालघर जिल्हाही नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची बातमी आली तेव्हा काकांनी कागदाच्या पट्टीवर 'पालघर' लिहून ठाण्याच्या वरच्या बाजूला चिकटवलं. एवढी मुलं रोज ज्या नकाशावर शिकतात तो नवा असायला हवा, आणि वाचनालयाच्या समितीने तो आणायला हवा. त्याहून तातडीचं म्हणजे मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. आम्ही दोनदा लेखी दिलंय. लांबून येणाऱ्या मुलीला पहाटे साडेपाचला घर सोडावं लागतं, तिच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा खिडकीजवळच्या दोन बाकांवरच वाचता येतं, म्हणून जरा लवकर पोचा.

ज्यांची परीक्षा महिन्यावर आलीय त्यांनी या तासाला येऊन घाई करू नये, त्यांना याचा वेग पुरणार नाही. ज्यांच्या हाती सहा-आठ महिने आहेत आणि पुण्यात राहायचा खर्च घरच्यांवर टाकायचा नाही, त्यांनी जरूर यावं. पुण्यात मी खोली आणि मेसवर जे घालवलं ते आठवलं की अजून पोटात कालवतं. इथे मुलींना एसटीत निम्मं तिकीट, आणि दहा वाजेपर्यंत घरी पोचून शेतातलं कामही होतं.

पहिले आठ दिवस नुसतं बसून ऐकलं तरी चालतं, सर कोणाला उभं करत नाहीत. येताना दोनशे पानी वही, कात्री, डिंक आणि राज्यघटनेची मराठी प्रत आणा. टिकल्यांचं पाकीट आणलंत तर बरंच, आमचं संपत आलंय.